आमची सविकल्प समाधी

गेल्या दिवाळीत आमच्या आईचा हात मोडला. न्हाणीघरात पाय घसरला, असे तिने येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले आणि मी शेजारी बसून मान डोलावली. आज वर्षाने या सदरात खरे काय ते सांगून टाकतो. न्हाणीघर निर्दोष आहे.

त्याचे असे झाले. आमच्या चिरंजीवांनी दिवाळीच्या सुटीत घरी एक व्ही. आर. हेडसेट आणला. पाणबुड्याच्या चष्म्यासारखे हे प्रकरण डोळ्यांवर बांधले की आपला दिवाणखाना नाहीसा होतो आणि मान वळवावी तिकडे दुसरेच जग पसरलेले दिसते. मी मराठीचा प्राध्यापक. कल्पनासृष्टीवर आपलाच मक्ता आहे, अशी माझी समजूत. "हात्तिच्या, हे काय आम्हांला नवीन!" म्हणत मी तो डोळ्यांवर चढवला. चिरंजीवांनी मला चढउतारांच्या एका घसरगाडीत बसवून दिले आणि दोन मिनिटांत माझ्या पोटात ढवळू लागले. डोळे सांगत होते की आपण भरधाव सुटलो आहोत. कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगत होते की स्वारी जागच्या जागी उभी आहे. दोघांच्या भांडणात शिक्षा झाली पोटाला. मळमळले की यंत्र लगेच उतरवावे, सवय होईल म्हणून रेटू नये, हे शहाणपण मला लिंबू चोखताना सुचले.

दुसऱ्या दिवशी टेबलटेनिस निघाले, आणि तिथे मात्र मी घसरलो. कॉलेजात असताना मी हा खेळ बरा खेळत असे. (हे माझे मत आहे.) काय तो चेंडूचा टकटक आवाज, काय ते हिरवेगार टेबल! एक डाव जिंकल्यावर दमून मी त्या टेबलाला टेकायला गेलो आणि सरळ जमिनीवर आलो. टेबल नव्हतेच! घरातली सगळी माणसे पोट धरून हसली. त्या हसण्यातली सूचना कोणीच ऐकली नाही.

खेळण्यापूर्वी जमिनीवर एक सीमारेषा आखून घ्यावी लागते. रेषेजवळ गेलात की डोळ्यांपुढे उजेडाची जाळी उभी राहते आणि आपण सावध होतो. आमच्या दिवाणखान्यात ही जाळी सारखी आडवी येऊ लागली. तेव्हा तिसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हाताने रेषा ऐसपैस आखली, थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. रसभंग नको ना! वाचकहो, आमच्या यंत्राच्या रेषेला एवढेच कळत होते, की मी बाहेर चाललो आहे का. कोणी आत येते आहे का, हे तिला कळत नव्हते.

आई आत आली. हातात गरम चकल्यांची ताटली होती. "गरम आहेत तोवर एक खाऊन बघ रे," असे ती म्हणाली म्हणे. माझ्या कानांत चेंडूची टकटक होती. समोरून उंच चेंडू आला आणि मी अंगातला सगळा जोर लावून हात फिरवला. हाताला काहीतरी लागले. पाठोपाठ ताटलीचा आवाज झाला. मी यंत्र काढले तेव्हा आई जमिनीवर बसली होती, आणि चौफेर चकल्या. मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लॅस्टर. दवाखान्यात जाताना रिक्षात ती एवढेच म्हणाली, "तुझ्या समोर तर होते मी."

वर्गात मी दरसाल न. चिं. केळकरांची 'सविकल्प समाधी' शिकवतो. रसिक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, पण आपली भूमिका सोडत नाही. दोन्ही एकाच वेळी अनुभवण्यात वाङ्मयाचा आनंद आहे. कादंबरीत कितीही बुडालो तरी कुकरची शिटी ऐकू येते, आणि आई समोर आली तर पुस्तक खाली जाते. हे यंत्र डोळे घेते, कान घेते आणि हातपाय मात्र घरातच ठेवते. 1968 साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी असे यंत्र प्रथम बनवले, तेव्हा त्याचा जड सांगाडा छताला टांगावा लागे. गंमतीने त्याला डॅमोक्लिसची तलवार म्हणत. त्या गोष्टीतली तलवार डोक्यावर केसाने टांगलेली असते. आता यंत्र हलके झाले, आणि तलवार खेळणाऱ्याच्या हाती आली आहे.

म्हणून आमच्या घरी आता नियम आहेत. सर्व बाजूंनी दोन मीटर जागा मोकळी हवी. काचेचे टीपॉय बाहेर. पंखा बंद, कारण वर गेलेल्या हाताला पंखा दिसत नाही. मधोमध लहान सतरंजी अंथरायची: पायाला फरशी लागली की आपण भरकटलो, हे डोळे बांधलेले असतानाही कळते. हातातल्या कळीचा पट्टा मनगटात अडकवायचा. कोणत्या वयाखाली हे देऊ नये, ते खोक्यावर छापलेले असते, ते वाचायचे. खेळणाऱ्याला मागून हात लावायचा नाही, आधी हाक मारायची. आणि खेळणाऱ्याच्या एका कानाला घर ऐकू आलेच पाहिजे. रसभंग झाला तरी चालेल.

चिरंजीव खेळतात तेव्हा मी दाराशी खुर्ची टाकून राखणीला बसतो. "मी येतेय रे!" अशी आरोळी देऊनच आई स्वयंपाकघरातून बाहेर पडते, आणि मग घरात हशा पिकतो.

तिचा हात बरा झाला, पण सोऱ्या अजून दाबवत नाही. यंदाच्या चकल्या तिच्या देखरेखीखाली मी पाडल्या. चांगला तल्लीन झालो होतो. तरी मधूनमधून मान वर करून पाहत होतो, ती समोर आहे ना.