कमावत्या मुलांचे पासबुक कोणाच्या हाती?

दहावीची परीक्षा संपते न संपते तोच आपल्या वस्त्यांतील अनेक मुलेमुली कामास लागतात. कोणी किराणा दुकानात माल मोजतो, कोणी मंडपवाल्याकडे जातो, कोणी औषधांच्या दुकानात उभा राहतो. मुली कापडाच्या दुकानात अथवा शिवणकामावर जातात. सुट्टीपुरते धरलेले हे काम कॉलेज सुरू झाल्यावरही सकाळ-संध्याकाळ चालू राहते. या श्रमाची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. परंतु महिनाअखेर त्या श्रमाचे मोल कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न आम्ही आज नवदीक्षित कुटुंबांपुढे ठेवीत आहोत. पुष्कळ ठिकाणी मालक पगार वडिलांच्या हाती देतो, नाही तर थोरल्या भावाच्या खात्यात टाकतो. ज्याने घाम गाळला, त्याला आपला दर किती आणि खाडे किती धरले, याचाही पत्ता नसतो.

वाचकहो, ही रीत आपल्याला नवी नाही. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या वतनाच्या नावाखाली गावकी केली. राबत असे सारे घर. पदरात पडे ते बलुते आणि शिळी भाकर. अमुक माणसाने अमुक काम केले म्हणून त्याची अमुक मजुरी झाली, असा हिशेबच त्या व्यवस्थेत नव्हता. म्हणूनच परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. पुढे १९५८ सालच्या कायद्याने ती वतने गेली. परंतु वतन कागदावरून गेले तरी त्याची सवय जाण्यास वेळ लागतो. आजही ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम 'एक कोयता' म्हणून मोजतो आणि उचल पुरुषाच्या हाती देतो. बाईची मजुरी वेगळी लिहिली जात नाही. मुकादमाच्या या वहीविषयी आपल्याला चीड यावी आणि आपल्याच घरात मुलाची कमाई बापाच्या नावाखाली नाहीशी व्हावी, ही विसंगती नव्हे काय?

भगवान बुद्धांनी गृहस्थाला धनाकडे पाठ फिरवावयास कधी सांगितले नाही. कोलिय कुळातील दीघजाणूला त्यांनी ऐहिक हिताच्या चार गोष्टी सांगितल्या : उद्योगशीलता, मिळविलेल्या धनाचे रक्षण, सज्जनांची संगत आणि आय-व्ययाचा तोल राखणारी जीविका. तराजू धरणारा माणूस जसा दोन्ही पारडी न्याहाळतो, तसे गृहस्थाने आपली प्राप्ती आणि खर्च न्याहाळावा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. सिगालाला केलेल्या उपदेशात तर धनाचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवावयाचा. आता विचार करा. ज्याच्या हाती तराजूच दिला नाही, त्याने तोल राखण्यास शिकावे कसे?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही मुलांना कामास लावा असे सांगत नाही. २०१६ सालच्या दुरुस्तीनंतर, शाळा सांभाळून घरच्या व्यवसायात केलेली मदत यांसारखे अपवाद सोडता, चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे कायद्याने निषिद्ध आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. शिक्षण सोडवून मिळविलेला पगार हा तोट्याचाच सौदा होय. परंतु जो मुलगा वा मुलगी शिक्षण सांभाळून कायद्याच्या मर्यादेत काम करीत आहे, त्याचे वेतन त्याचेच आहे. वेतन बँकेमार्फत द्यावयाचे, तर ते कामगाराच्याच खात्यात जमा करावे, असे वेतनाचा कायदाही सांगतो.

खाते उघडण्यास वयाची अडचण आहे, हा समज आता सोडून द्यावा. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या नावे बचत खाते उघडून ते स्वतः चालविण्याची मुभा बँका देऊ शकतात. किती रकमेपर्यंत, कार्ड वा चेकबुक द्यावयाचे की नाही, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरविते. म्हणून शाखेत जाऊन ते आधी विचारून घ्यावे. दहा वर्षांवरील मुलाला पोस्टातही स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. विशेष म्हणजे अज्ञान मुलाच्या बँक खात्यातून शिलकेपेक्षा अधिक रक्कम काढू देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. ज्या समाजाच्या पिढ्या सावकाराच्या वहीत बुडाल्या, त्याच्या मुलाचा पहिला हिशेब असा कर्जाविना सुरू होतो, हे लहानसहान नाही. अनाथपिंडिकाला गृहस्थाची सुखे सांगताना भगवंतांनी अनृण असण्याचे सुख त्यांत मोजले होते.

मातापित्यांनो, आपली अडचण आम्ही जाणतो. भाडे थकलेले असते, आजारपण असते, किराण्याची उधारी असते. मुलाने घरास हातभार लावू नये, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पैसे आधी त्याच्या खात्यात पडू द्या. मग त्याने स्वतः काढून, किती आणि कशासाठी हे समजून, आपल्या हाती द्यावे. तसे दिलेले पैसे दान होतात. न विचारता घेतलेले पैसे मात्र मुलाच्या मनात सल ठेवून जातात. उरलेला भाग आयटीआयच्या, डिप्लोमाच्या किंवा बारावीच्या फीसाठी राहू द्या.

मुलींच्या बाबतीत तर आम्हाला अधिक कठोरपणे बोलावेसे वाटते. मुलीचा पगार भावाच्या मोटरसायकलीच्या हप्त्यात जातो आणि तिच्या शिक्षणाची वेळ आली की घरात पैसा नसतो. १९५१ साली बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडले, त्यामागे स्त्रियांना मालमत्तेचा हक्क देऊ पाहणारे हिंदू कोड बिल रखडल्याचे दुःख होते. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या त्या महापुरुषाच्या अनुयायांच्या घरात कमावत्या मुलीला आपला रुपया कोठे जातो हे ठाऊक नसावे, हे आपल्याला शोभत नाही.

तरुण मित्रांनो, आपल्यालाही दोन शब्द. खाते हाती आले की जबाबदारीही आली. पिन आणि मोबाईलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका. थोड्या पैशांच्या मोबदल्यात तुमचे खाते वापरावयास मागणारे लोक आज सर्वत्र फिरत आहेत. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस तुमच्या दारी येतात. दुसऱ्याचे न दिलेले न घेण्याचे शील आपण घेतले आहे. त्या चोरीस आपले नाव उसने देणे हाही त्या शीलाचा भंगच होय. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवा. अठरा वर्षे पूर्ण होताच बँकेत जाऊन सहीचा नवा नमुना द्या.

प्रत्येक बुद्धविहाराच्या मंडळास आमची विनंती आहे की, येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापूर्वी एक दिवस ठरवावा, वस्तीतील कमावत्या मुलामुलींची यादी करावी आणि जन्मतारखेचा पुरावा, आधार व छायाचित्रे घेऊन त्यांच्यासह जवळच्या बँकेत जावे. शाखेत टाळाटाळ झाली, तर नकाराचे कारण लेखी मागावे. आणि पासबुक मिळाले की ते वडिलांच्या खिशात न जाता मुलाच्या दप्तरात गेले की नाही, एवढे महिन्याभराने पुन्हा पाहावे.

जय भीम!