गाडी दारात आली, विम्याचे काय?

सदर : संसार आणि कायदा



एक काळ असा होता की आपल्या वस्तीत कुणाच्या दारी फटफटी उभी राहिली तरी पोरे गोळा होत. आज अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, कुठल्याही वॉर्डात फेरी मारून पाहा. कुणाचा मुलगा शिक्षक झाला, कुणी एम.आय.डी.सी.त लागला, कुणी नगरपालिकेतून निवृत्त होताना चार पैसे घेऊन आला, आणि दारात जुनी का होईना, चारचाकी उभी राहिली. घामाच्या पैशाची गाडी आहे, तिचा आनंद मानलाच पाहिजे. परंतु घरात प्रथमच कुणी गाडी चालवायला लागते तेव्हा कागदपत्रांची माहिती देणारे वडीलधारे माणूस घरात नसते. मग गाडी विकणारा दलाल सांगेल ते खरे, असे होते.

"विमा काहाले पाह्यजे? गावातल्या गावात त चालोतो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्या मंडळींसाठी आजचा लेख आहे.

विमा सक्तीचा का?

आपल्या देशात मोटारगाड्यांचा पहिला मोठा कायदा 1939 साली झाला आणि त्यातील सक्तीच्या विम्याचा भाग 1 जुलै 1946 पासून लागू झाला. आज 1988 चा मोटार वाहन कायदा चालतो. त्याचे कलम 146 सांगते की, त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा असल्याशिवाय कोणतीही गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. विमा कंपनी हा पहिला पक्ष, गाडीमालक हा दुसरा पक्ष, आणि रस्त्याने जाणारा माणूस हा त्रयस्थ, म्हणजे थर्ड पार्टी. हा सक्तीचा विमा मुळात गाडीसाठी नसून त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसासाठी आहे. आणि रस्त्याने पायी, सायकलवर, हातगाडी घेऊन जाणारे बहुतेक आपलेच लोक असतात, हे विसरू नये.

विमा हा श्रीमंतांचा शौक नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विम्याचा धंदा सरकारच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. कमावते माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न त्यामागे होता. गाडीच्या विम्यामागेही तोच प्रश्न आहे.

विमा नसेल तर

विम्याशिवाय गाडी चालविली तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड 4,000 रुपये. पण खरी भीती दंडाची नाही. एक हिशेब करून पाहू.

समजा, तुमच्या गाडीने तीस वर्षांच्या एका मजुराचा मृत्यू झाला. तो महिन्याला 12,000 रुपये कमावत होता. मागे पत्नी आणि दोन मुले. न्यायालये ठरलेल्या पद्धतीने भरपाई काढतात. पुढे कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के धरतात, म्हणजे 16,800. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा करतात, उरले 11,200. वर्षाचे झाले 1,34,400. तीस वर्षांच्या वयाला 17 ने गुणतात. एकूण 22,84,800 रुपये, शिवाय अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी.

विमा असेल तर ही रक्कम विमा कंपनी देते. मृत्यू किंवा जखमेच्या बाबतीत तिला रकमेची मर्यादा नाही. विमा नसेल तर ती गाडीमालकाने द्यायची. दिली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. म्हणजे राहते घर आणि गावचा जमिनीचा तुकडा धोक्यात. तिकडे त्या मजुराच्या विधवेच्याही हाती काही लागत नाही. एका न भरलेल्या हप्त्याने दोन संसार उघड्यावर येतात.

खर्च किती?

थर्ड पार्टी विम्याचा दर कंपनीच्या मनावर नसतो, तो सरकार ठरविते. 1 जून 2022 पासून लागू झालेले वार्षिक दर असे : 1000 सी.सी.पर्यंतच्या खासगी कारला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सी.सी.ला 3,416 रुपये, त्यावर 7,897 रुपये. 75 ते 150 सी.सी.च्या मोटारसायकलला 714 रुपये. त्यावर 18 टक्के जी.एस.टी. म्हणजे लहान कारला सुमारे 2,471 आणि मोटारसायकलला सुमारे 843 रुपये. कारचा खर्च दिवसाला सात रुपयांच्या आत पडतो. वरच्या हिशेबातले पावणेतेवीस लाख आणि हे सात रुपये शेजारी ठेवून पाहा. हप्ता भरण्यापूर्वी चालू वर्षाचा दर मात्र विचारून घ्यावा.

इंग्लंड-अमेरिकेत नवशिक्या तरुण चालकाकडून विम्याचे जबर पैसे घेतात. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर इंजिनाच्या ताकदीवर आहे, चालकाच्या वयावर नाही. "पोरगा नवीन आहे म्हणून जास्त लागतील," असे कुणी सांगितले तर दर लेखी मागा.

1 सप्टेंबर 2018 पासून नवीन कारला तीन वर्षांचा आणि नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे एक घोटाळा होतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा अनेकदा एकाच वर्षाचा असतो आणि घरचे समजतात की सगळाच तीन वर्षांचा आहे. पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या तारखा असतात, त्या दोन्ही वाचाव्यात.

याखेरीज मालक स्वतः चालक असेल तर त्याच्यासाठी 15 लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा घ्यावा लागतो. मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच तो उपयोगी पडतो. म्हणून गाडी आजोबांच्या नावावर आणि चालविणार नातू, असे करताना विचार करावा.

गाडीत बसलेल्यांचे काय?

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. खासगी कारला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर रस्त्यावरच्या माणसाला संरक्षण मिळते, पण तुमच्याच गाडीत बसलेल्या आई, बहीण, शेजारी यांना त्यातून सहसा काही मिळत नाही. दुचाकीवर मागे बसलेल्याचेही तसेच. सर्वसमावेशक, म्हणजे ज्याला पॅकेज किंवा फुल इन्शुरन्स म्हणतात, त्या पॉलिसीत गाडीत बसलेल्यांची जोखीम येते. घरची माणसे घेऊन फिरायचे असेल तर जुन्या गाडीलाही पॅकेज पॉलिसी घेता येते का, ते विचारावे. तिचा दर कंपनीगणिक बदलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी.

अशोक विजयादशमीला वऱ्हाडातून हजारो कुटुंबे दीक्षाभूमीला जातात. अनेक जण पैसे वाचवायला छोटा हत्ती किंवा माल वाहणारा टेम्पो करतात आणि मागे बायकापोरे बसतात. कायदा स्पष्ट आहे. मालवाहू गाडीत मालकाबरोबरच्या मालाशिवाय बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या डिसेंबरात ठरविले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून लग्नाला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. गाडी भाड्याने करताना पिवळी पाटी, परमिट, प्रवाशांचा विमा आणि आसनांची संख्या पाहावी. गाडीवाल्याला कागद मागण्यात संकोच नको.

तसेच पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवू नये. अपघात झाल्यास कंपनी याच कारणावरून हात वर करते.

लायसन्स आणि जुनी गाडी

गिअरच्या गाडीला वय 18 पूर्ण पाहिजे. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते, तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. शिकताना 'एल'ची पाटी आणि शेजारी लायसन्सवाला माणूस हवाच. लहान मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. लायसन्स नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर न्यायालय अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते आणि मग तीच रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देते.

जुनी गाडी घेताना आर.सी.बुक आपल्या नावावर करायला आर.टी.ओ.त तीस दिवसांत अर्ज द्यावा आणि विमा नावावर करायला कंपनीला चौदा दिवसांत कळवावे. गाडी विकणाऱ्यानेही नाव बदलल्याची खात्री करावी. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक. गाडी चार हात फिरली तरी भरपाईची नोटीस तुमच्याच दारी येईल.

विमा मागितला नाही तर दरवर्षी नुकसान-विम्याच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षी 20 टक्के, पुढे वाढत 50 टक्क्यांपर्यंत. ही सूट माणसाची आहे, गाडीची नाही. जुन्या मालकाची सूट तुम्हाला लागू होत नाही, आणि मुदत संपून 90 दिवस झाले की तुमचीही जाते. म्हणून लहानसहान ओरखड्यासाठी क्लेम करण्यापूर्वी गणित मांडावे.

पॉलिसी खरी आहे ना, हे एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहता येते. घरातील शिकलेल्या मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत पाहून देईल. मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.

आपलेच माणूस अपघातात सापडले तर

प्रथम दवाखाना, मग पोलिसांत नोंद. गाडीचा नंबर आणि तिच्या विम्याचा तपशील पोलिसांकडून घ्यावा. भरपाईचा अर्ज जिल्हा न्यायालयातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत करावा. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर जखमेसाठी 50,000 रुपये मिळतात. त्यासाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

"आता भांडून काय होणार?" म्हणून अर्ज न करणाऱ्या बाया-माणसांना हे वाचून दाखवा. ती भीक नाही. हक्काचा पैसा आहे, आणि त्यावर मुलांचे शिक्षण उभे राहू शकते.