पुस्तक फोनमध्ये आलं, पण फोन कुणाचा?

'हल्लीच्या बायका वाचत कुठे? चोवीस तास फोन हातात.' हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत मी शिबिरांत, बैठकांत, शाळेच्या पालकसभेत आणि खरं सांगायचं तर आपल्या संघटनांच्या कार्यालयांतही ऐकलं आहे. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण त्या फोनमध्ये बाई काय करते आहे, हे विचारायचे कष्ट फार थोड्यांनी घेतलेले असतात. वस्तीत काम करताना मी विचारत गेले. अनेकजणी त्या फोनवर पुस्तकं वाचताहेत, असं दिसलं.

धुणीभांडी करणारी एकजण दोन घरांच्या मधल्या वेळात जिन्यात बसून कादंबरीचं एक प्रकरण वाचते. शिवणकाम करणारी दुसरी मशीनवर बसल्याबसल्या गोष्ट ऐकते. पन्नाशीच्या एका ताईंचा चष्मा मोडून सहा महिने झालेत. नवीन करायला घरातून पैसे निघत नाहीत. त्या अ‍ॅपमध्ये अक्षर मोठं करून वाचतात. 'छापील पुस्तकातलं अक्षर काही मोठं होत नाही,' असं त्याच म्हणाल्या. या बायकांच्या घरात पुस्तकांचं कपाट नाही, पुस्तकासाठी वेगळे पैसे नाहीत आणि सलग तासभर मोकळा वेळ तर नाहीच. फोनवरचं पुस्तक त्यांच्या आयुष्याच्या मापात बसतं. पाच मिनिटं मिळाली की उघडायचं, कुकरची शिट्टी झाली की बंद करायचं. कुठवर वाचलं ते अ‍ॅप लक्षात ठेवतं. एकदा उतरवून घेतलेलं पुस्तक नेट नसतानाही वाचता येतं.

याहून मोठी गोष्ट अशी, की फोनवरच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ कुणाला दिसत नाही. छापील पुस्तक हातात धरलं की सासूबाई विचारतात, 'काय वाचतेस?' कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची पुस्तिका घरात नेणं म्हणजे कित्येकींसाठी भांडणाला आमंत्रण. गर्भनिरोधन, लैंगिकता, घटस्फोट, पोटगी या विषयांवरचं पुस्तक उशीखाली ठेवून वाचण्याची वेळ आपल्यापैकी अनेकींवर आली असेल. फोनमध्ये ते पुस्तक बाकी शंभर गोष्टींत मिसळून जातं. सल्लाकेंद्रात येणाऱ्या एका तरुण बाईने २००५ च्या त्या कायद्याची मराठी माहिती महिनाभर रात्री फोनवर वाचली. मग ती आमच्याकडे आली ती संरक्षण अधिकारी कुठे बसतात, हे विचारतच. पहिल्या भेटीत आम्हाला एरवी जे तासभर समजावून सांगावं लागतं, ते तिला आधीच माहीत होतं.

स्त्रीच्या वाचनावर पहारा ठेवणं ही आपल्याकडे जुनीच रीत आहे. बाई शिकली तर घरावर संकट येतं, असं एकोणिसाव्या शतकात उघडपणे सांगितलं जाई. रमाबाई रानडे यांना प्रत्यक्ष नवरा शिकवत होता, तरी घरातल्या इतर बायकांचा जाच चुकला नाही. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनीच तो सांगून ठेवला आहे. वाचणारी बाई ही काही वेळापुरती घरच्या कामाची राहत नाही, ती तिची स्वतःची असते. तेच खुपतं. तेव्हा पुस्तकावर डोळा होता, आज फोनवर आहे.

आणि आपणही त्या पहारेकऱ्यांत सामील होतो आहोत का, हे तपासायला हवं. 'काय त्या अ‍ॅपवरच्या प्रेमकथा, रोज एक भाग, सगळी भाबडी स्वप्नं!' असं आपल्यातल्या जाणत्या कार्यकर्त्याही म्हणतात. 'प्रतिलिपी'सारख्या, भारतीय भाषांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या मंचावर मराठी स्त्रिया मोठ्या संख्येने वाचतात आणि लिहितातही. त्यांतल्या पुष्कळ कथांमध्ये सोशिक नायिका आणि श्रीमंत, रागीट नायक असतो, हे खरं आहे. त्यावर टीका जरूर करावी. पण त्याच ठिकाणी सासरच्या छळाबद्दल, मूल होत नाही म्हणून ऐकावे लागणाऱ्या टोमण्यांबद्दल, पुनर्विवाहाबद्दल बायका लिहिताहेत, अनेकदा टोपणनावाने. विभावरी शिरूरकर या नावाआड राहून 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. टोपणनावाची गरज नव्वद वर्षांनंतरही संपलेली नाही, याची खंत आपल्याला वाटायला हवी, लिहिणारीचं हसू नव्हे. शिवाय, प्रेमकथा वाचत वाचत वाचनाची सवय लागलेल्या बाईपुढे आपण दुसरं काही ठेवलं आहे का?

या प्रश्नाकडे मी पुन्हा येणारच आहे. त्याआधी फोन नावाच्या वस्तूकडे नीट पाहू. कारण पुस्तक फोनमध्ये आलं म्हणजे ते बाईच्या हातात आलं, असं मानणं चुकीचं ठरेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना मोबाइलबद्दल विचारलं होतं. स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया होत्या ३३ टक्के, तर त्याच वयाचे पुरुष ५७ टक्के. बाकीच्या बायकांसाठी फोन म्हणजे नवऱ्याचा, मुलाचा, दिराचा. 'दे जरा' म्हणून मागून घ्यायचा आणि वेळेत परत करायचा. नवा फोन घरात आला की तो मुलाकडे जातो आणि त्याचा जुना, तडा गेलेला, जागा भरलेला फोन आईकडे येतो. त्या फोनमध्ये एक पुस्तक ठेवायचं तर मुलाचा कुठला तरी खेळ पुसावा लागतो. त्यासाठी त्याची परवानगी!

ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे, त्यांच्याही बाबतीत एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. पुस्तकांच्या पुष्कळ अ‍ॅपना खातं लागतं. हे खातं बहुतेक घरांत मुलाने किंवा भाच्याने काढून दिलेलं असतं, त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच पासवर्डने. बाईने उतरवलेलं पुस्तक त्या खात्यात जमा होतं. तेच खातं दुसऱ्या फोनवर उघडलं, की तिथेही तिची पुस्तकं दिसतात. विकत घेतलं तर पावती त्या ईमेलवर जाते. बायकोने घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक घेतलं, ही बातमी नवऱ्याच्या फोनला तिच्याआधी कळू शकते. पुढे फोन बदलला आणि पासवर्ड तिला माहीत नसला, तर तिची सगळी पुस्तकं गेली. घर, शेत, रेशनकार्ड कुणाच्या नावावर, यासाठी आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत. खातं कुणाच्या नावावर, हा प्रश्न त्याच कुळातला आहे. बाईचं स्वतःचं खातं आणि फक्त तिलाच ठाऊक असलेला पासवर्ड ही चैन नाही. अडचणीत असलेल्या बाईसाठी ती सुरक्षिततेची बाब आहे.

दुसरा मुद्दा मालकीचा. अ‍ॅपमधून 'विकत' घेतलेलं पुस्तक खऱ्या अर्थाने आपलं नसतं. आपल्याला मिळतो तो फक्त ते वाचण्याचा परवाना. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेलच्या दोन कादंबऱ्या, हक्कांचा घोळ लक्षात आल्यावर, वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकंही नाहीशी झाली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले, पण पुस्तक गेलं ते गेलंच. चळवळीच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. आपलं साहित्य पसरलं कसं, हे आठवून पाहा. एक पुस्तिका एकीने घ्यायची, दहाजणींनी वाचायची, ती फाटेपर्यंत फिरायची. अ‍ॅपमधलं कुलूपबंद पुस्तक शेजारणीला देता येत नाही. 'वाचून झालं की दे गं,' हे बायकांचं वाचनालय तिथे बंद पडतं.

म्हणून मग व्हॉट्सअ‍ॅपवर पुस्तकांचे फोटो काढून केलेल्या फायली फिरतात. त्याबद्दल आपली भूमिका स्पष्ट असावी, असं मला वाटतं. आज लिहिणाऱ्या लेखिकेचं, जेमतेम हजार प्रती काढणाऱ्या छोट्या प्रकाशकाचं पुस्तक असं फुकट फिरवणं म्हणजे तिची मजुरी बुडवणं आहे. घरकामगाराची मजुरी बुडाली तर आपण मोर्चा काढतो. लेखिकेच्या कष्टाचं मोल वेगळं कसं? पण जे मोकळं आहे, ते तरी आपण पोचवतो का? आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' आणि पंडिता रमाबाईंचा 'स्त्रीधर्मनीति' ही दोन्ही १८८२ ची पुस्तकं, रमाबाई रानडे यांच्या आठवणी, १९३६ मध्ये गेलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', हा आपला वारसा आता कुणाच्याही परवानगीशिवाय छापता येतो, वाटता येतो. सभेत या बायकांच्या तसबिरींना हार घालणाऱ्या आपण. त्यांचं लिखाण वस्तीतल्या मुलीच्या फोनवर नीट वाचता येईल असं ठेवण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

'नीट' या शब्दावर माझा भर आहे. मराठीतली पुष्कळशी मोफत ई-पुस्तकं पीडीएफ स्वरूपात आहेत. पीडीएफमध्ये पान कागदासारखं पक्कं असतं. पाच इंची पडद्यावर ते बोटांनी मोठं करायचं, मग प्रत्येक ओळीसाठी डावी-उजवीकडे सरकवायचं. दोन पानांत माणूस थकतो. ईपब नावाच्या प्रकारात मजकूर पडद्याच्या मापाने आपोआप मांडला जातो, अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि फाइलही हलकी असते. पानांचे फोटो असलेली फाइल तर आणखी अवघड. ती जड असते आणि त्यातला मजकूर फोनला वाचून दाखवता येत नाही. म्हणजे अंध मैत्रीण आणि अक्षर जेमतेम लावता येणारी मैत्रीण, दोघीही बाहेरच.

आपल्या संघटनांच्या पुस्तिकांची अवस्था याहून वेगळी नाही. श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फाँटांत जुळवलेल्या फायली कुठल्या तरी संगणकात पडून आहेत. तो फाँट नसेल तर उघडल्यावर परकी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. त्या युनिकोडमध्ये बदलता येतात. त्यासाठीची साधनं उपलब्ध आहेत. मात्र रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं तुटतात, म्हणून कुणीतरी बसून ओळन् ओळ तपासावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुस्तिका जुळवणं, स्टेन्सिल कापणं, रात्री जागून गठ्ठे बांधणं हेही आपल्या मोठ्या मैत्रिणींनी केलंच होतं.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत. पहिली, प्रत्येक संघटनेने आपली सर्वांत जास्त मागणी असलेली एक पुस्तिका निवडावी, त्यातले कायदे आणि रकमा अद्ययावत कराव्यात आणि ती युनिकोड ईपबमध्ये, कुणीही पुढे पाठवावी अशी परवानगी देऊन मोकळी करावी. 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर'द्वारे मुलांच्या गोष्टी अशाच खुल्या परवान्याने दिल्या. मुलांसाठी जमलं ते बायकांसाठीही जमेल. मुखपृष्ठ आणि फाइलचं नाव मात्र साधं ठेवावं. मोठ्या अक्षरांत 'नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध' असं लिहिलेली फाइल तीच मारहाण ओढवून आणू शकते. दुसरी, बचतगटाच्या आणि वस्तीच्या बैठकीत अर्धा तास यासाठी काढावा. स्वतःचं खातं कसं उघडायचं, पासवर्ड कसा बदलायचा, पुस्तक कसं उतरवायचं आणि गरज पडली तर कसं पुसायचं, हे एकीने दुसरीला शिकवावं. तिसरी, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना विसरू नये. एका फोनवरून एकीने मोठ्याने वाचावं, दहाजणींनी ऐकावं. १९६७ च्या कायद्यानुसार अनुदान घेणारी सार्वजनिक वाचनालयं गावोगावी आहेत. तिथे पेपर वाचत पुरुष बसलेले असतात, बायका आत पाऊल टाकत नाहीत. आठवड्यातली एक दुपार बायकांसाठी ठेवा आणि वाचनालयाचा एक टॅबलेट आम्हाला वापरू द्या, ही मागणी गावातल्या महिलांनी वाचनालयाकडे करायला काय हरकत आहे?

छापील पुस्तक संपावं, असं मी म्हणत नाही. हे त्रैमासिकही कागदावर यावं, हातोहात फिरावं, असंच मला वाटतं. पण ज्या बाईपर्यंत कागद पोचत नाही आणि फोन पोचतो, तिच्या त्या फोनमध्ये कोण बोलणार? भविष्य सांगणारे बुवा, गोरेपणाचं मलम विकणारे आणि सोशिकपणाचे धडे देणारे तिथे केव्हाच जाऊन बसले आहेत. आपण अजून उंबऱ्यावर आहोत. तुमच्या संघटनेची पहिली पुस्तिका कोणती असेल, ते ठरवून आम्हाला जरूर कळवा.