खुबा मोडलेली आजी आणि एक सुई

गेल्या पावसाळ्यात आमची आजी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर घसरली. वय 82, अंगात मूठभर हाडे. त्यांतले खुब्याचे मोडले. एका इस्पितळात नेले. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुपारी ठरली. तोवर काय? एक्स-रेच्या टेबलावर घेताना, चादर बदलताना ती किंचाळत होती. शेजारच्या खाटेवर गोकाककडची एक अज्जी होती, तिचाही खुबाच. दोघींची भाषा निराळी, कण्हणे एकच. रात्री गुंगीचे इंजेक्शन दिले. पहाटे आजीने मला विचारले, "तुम्ही कोणाकडचे?"

दुपारी भूलतज्ज्ञ बाईंनी तिच्या जांघेपाशी बधिरतेचे औषध टोचले. मांडीकडे जाणारी मुख्य नस तिथे एका पडद्याखाली असते. त्या पडद्याखाली औषध पसरले की खुब्याच्या बऱ्याचशा वेदना मेंदूपर्यंत पोचत नाहीत. अर्ध्या तासात आजी कुशीवर वळली, मग पाठीच्या मणक्यातून भूल देणेही सोपे गेले. मी विचारले, "हे कालच का नाही?" बाई म्हणाल्या, "काल मला कोणी बोलावलेच नाही."

माझे भांडण इथेच आहे. आपण नातेवाईक वाद घालतो तो पूर्ण भूल बरी की मणक्यातली, यावर. अमेरिका-कॅनडातील 1600 रुग्णांच्या 2021 सालच्या अभ्यासात, साठ दिवसांनंतर कोण जगले आणि कोण चालू लागले, यात दोहोंत फरक दिसला नाही. उलट नस बधिर करण्याच्या प्रयोगांचा 2020 साली कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला. त्यात हलताना होणारी वेदना अर्ध्या तासात कमी झालेली आढळली आणि वृद्धांना होणारा भ्रमही कमी दिसला. म्हणजे आम्ही नको तिथे डोके खपवत होतो.

धोके आहेत. औषधाची मात्रा रक्तात उतरली तर हृदयावर परिणाम होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायलाच हवे. पण "रात्री भूलतज्ज्ञ कुठून आणणार?" ही सबब मला पटत नाही. ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकाही ही सुई देतात. आपल्याकडे निदान कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना तरी ती शिकवावी, आणि पेशंट दाखल होताच, एक्स-रेच्या टेबलावर चढवण्याआधी, द्यावी.

आजी आता वॉकर घेऊन तुळशीपर्यंत जाते. गोकाकच्या अज्जींना मात्र आम्ही निघालो तोवर शस्त्रक्रियेची तारीख मिळाली नव्हती.