फॉर्मॅट मारण्याआधी खातेवही कुठे आहे ते विचारा

वाशीच्या मार्केटमध्ये पहाटे माल उतरतो आणि दुपारच्या आत बिले निघावी लागतात. हमाल थांबलेले, टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, आणि नेमका त्याच वेळी गाळ्यावरचा संगणक काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी दाखवून बसतो की बूट करायला डिव्हाइस सापडत नाही. दुरुस्तीवाल्या मुलाला फोन केला तर तो म्हणतो, "चाचा, परवाच तर फॉर्मॅट मारून दिला होता!"

ही तक्रार अलीकडे फार ऐकू येते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित पाठिंबा संपला, आणि विंडोज 11 टाकण्यासाठी म्हणून अनेक दुकानांतली मशीने पुसून नव्याने भरली गेली. त्यात काही उठली, काही उठली नाहीत. आमचे म्हणणे असे आहे की मशीन न उठणे ही यातली लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याकडे आपल्या व्यापारी बांधवांचे लक्ष नाही.

मसाला मार्केटमधील माझ्या एका स्नेह्याचे उदाहरण सांगतो. त्यांच्या जुन्या मशीनमध्ये वेग वाढावा म्हणून नवी एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज टाकले होते. जुनी हार्ड डिस्क हिशेब ठेवण्यासाठी आत तशीच राहू दिली. काही महिन्यांनी जुनी डिस्क रखडू लागली म्हणून एकाने ती फॉर्मॅट केली. विंडोज असलेल्या डिस्कला त्याने हातही लावला नव्हता, तरी दुसऱ्या दिवशी मशीन उठेना. पहिल्या माणसाने रॅम बदलायला सांगितली. दुसऱ्याने मदरबोर्ड गेला असे सांगून दरही सांगितला. तिसरा जरा जाणकार निघाला. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि हसून म्हणाला, "काही गेलेले नाही."

झाले असे होते. विंडोज टाकताना मशीनमध्ये दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या आणि जुनीवर बूटची जागा आधीपासून असली, तर चालू होण्यासाठी लागणाऱ्या लहानशा फाइली विंडोज पुष्कळदा त्या जुन्या डिस्कवरच ठेवते. म्हणजे गाळा इथे आणि किल्ली शेजाऱ्याच्या गल्ल्यात! जुनी डिस्क पुसली तेव्हा किल्लीही पुसली गेली. त्याने विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केले, एसएसडीवर त्या फाइलींपुरती जागा करून त्या पुन्हा लिहिल्या, आणि तासाभरात पहिले बिल निघाले. म्हणूनच नवी विंडोज टाकताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवा, असा आग्रह दुकानदाराने स्वतः धरावा. त्याला एक पैसाही लागत नाही.

बाकीची कारणेही बहुतेक अशीच स्वस्त असतात. बायोसमध्ये चुकीची डिस्क पहिल्या क्रमांकावर असते, किंवा मागे एखादा पेन ड्राइव्ह विसरलेला असतो आणि मशीन त्याच्यातच विंडोज शोधत बसते. डिस्क नव्या जीपीटी पद्धतीने तयार केलेली आणि बायोस जुन्या लेगसी पद्धतीवर, असा बेबनावही वारंवार दिसतो. विंडोज 11 ला यूईएफआय लागते, त्यामुळे जुन्या मशीनवर तर हमखास. बोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला असेल तर मेन स्विच बंद केल्यावर बायोसमधली मांडणी विसरली जाते. घड्याळ जुनी तारीख दाखवत असेल तर आधी तो सेल बदला. यातले एकही कारण तपासल्याशिवाय कोणी मदरबोर्डचे पैसे मागत असेल, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा हे बरे.

आता त्या मोठ्या गोष्टीकडे येऊ. मशीन उठले तेव्हा स्नेह्यांनी विचारले, "माझी उधारी कुठे आहे?" ती जुन्या डिस्कवर होती. फॉर्मॅट झटपट प्रकारचा असेल तर हार्ड डिस्कवरचा मजकूर लगेच नाहीसा होत नाही. फक्त अनुक्रमणिका जाते, पाने असतात. त्या क्षणी डिस्क काढून बाजूला ठेवली असती तर बरेच काही परत मिळाले असते. (एसएसडीच्या बाबतीत एवढीही आशा धरू नये. ती पुसलेली जागा स्वतःच लवकर रिकामी करते.) पण पहिल्या माणसाने "करून पाहू" म्हणत त्याच डिस्कवर नवे विंडोज टाकून पाहिले होते, आणि पाने त्याखाली गाडली गेली. पुढचे दोन महिने स्नेही किरकोळ दुकानदारांकडे जाऊन, तुमच्याकडे माझे किती निघतात, असे विचारत फिरले. काहींनी स्वतःहून चिठ्ठ्या काढून दाखवल्या, अल्लाह त्यांना बरकत देवो. काहींना काहीच आठवले नाही.

कायदाही इथे सवलत देत नाही. जीएसटीखाली हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. हिशेब संगणकावर असेल तर त्याची प्रत ठेवावी, आणि अपघाताने मूळ नष्ट झाले तर वाजवी वेळात ते पुन्हा उभे करता आले पाहिजे, असे केंद्रीय जीएसटी नियमांतील 57 वा नियम सांगतो. अधिकाऱ्यापुढे "फॉर्मॅट मारला होता" हे उत्तर चालत नाही.

कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्यांकडे माणसे असतात, आमच्याकडे कोण आहे? त्यांनी आपल्या शेजारच्या न्हावा-शेव्याकडे पाहावे. 27 जून 2017 रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरचे काम हाताने करण्याची पाळी आली. ते टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील कंपनी चालवत होती, आणि त्या दिवशी जगभर मर्स्कची मशीने नॉटपेट्या नावाच्या विषाणूने मारली होती. हा विषाणू डिस्कच्या सुरुवातीचा, मशीन चालू करणारा भागच बदलून टाकत असे. पडद्यावर डिस्क तपासली जात असल्याचे नाटक चाले आणि आत फाइलींची यादी कुलूपबंद होई. तो शिरला कुठून? युक्रेनमध्ये कराचा हिशेब भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे हिशेबाच्याच दारातून!

मर्स्कला 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक दहा दिवसांत नव्याने भरावे लागले, हे तिच्या अध्यक्षांनी 2018 साली दावोस येथे सांगितले. आपल्या कामाची गोष्ट मात्र त्यापुढची आहे. कंपनीच्या संपूर्ण जाळ्याची नोंदवही सुमारे दीडशे सर्व्हरवर होती आणि प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याची प्रत होता. सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने सगळे एकदम गेले. एकच वाचला, आफ्रिकेतील घाना देशात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्यावरून पुढची उभारणी झाली. आपण भारनियमनाला शिव्या देतो. तिथे मात्र गेलेल्या विजेने कंपनी वाचवली.

आमच्या दुकानांत काय दिसते? "डी ड्राइव्हवर प्रत आहे" असे मुनीम छातीठोकपणे सांगतो. सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. शिवाय विंडोज टाकताना समोर येणाऱ्या यादीत सी-डी अशी अक्षरे नसतात, डिस्क आणि कप्प्यांचे आकडे असतात, आणि घाईत चुकीच्या आकड्यावर बोट पडते. दुसरा म्हणतो पेन ड्राइव्हवर आहे, आणि तो पेन ड्राइव्ह वर्षभर मशीनलाच खोचलेला असतो. मोबाइलवरच्या गूगल ड्राइव्हचा भरवसा असणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की इथे पुसलेली फाइल तिथूनही निघून जाते. कचरापेटीतून 30 दिवसांत काढली तर मिळते, पण तेवढ्या दिवसांत कोणाच्या लक्षात आले पाहिजे ना!

दुरुस्तीचा धंदा करणारी मुले पुष्कळशी आपलीच आहेत, मेहनती आहेत, आणि त्यांच्यावर सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल. मालकाने पंखा दुरुस्त करायला द्यावा तसे मशीन दिले, तर तेही पंख्यासारखेच उघडणार. तरीही ग्राहकाचा हिशेब ही अमानत आहे. कोणती डिस्क पुसणार हे कागदावर लिहून मालकाची सही घ्यावी, आणि प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून मालकाला शेवटचे बिल दाखवल्याशिवाय फॉर्मॅटला हात लावू नये. ज्या मुलाने ही सवय लावून घेतली त्याला पन्नास रुपये जास्त द्यायला कोणाची ना नसावी.

आमच्या त्या स्नेह्यांनी आता दोन लहान बाहेरच्या डिस्क घेतल्या आहेत. दर गुरुवारी संध्याकाळी मुनीम एकीवर प्रत काढतो, ती घरी नेतो आणि आठवड्यापूर्वीची परत आणतो. महिन्यातून एकदा मुलाच्या लॅपटॉपवर ती उघडून पाहतात. मशीन मात्र अजून तेच जुने आहे.