विचलित व्हा, पण जाहिरातीनंतर

‘पुढील दृश्ये आपणांस विचलित करू शकतात.’ ही पाटी वाचून ज्यानं मोबाइल उलटा ठेवला, असा एक तरी संवेदनशील प्रेक्षक मला दाखवा. आमच्या करडी गावात बोलावू, शाल-श्रीफळ देऊ. पाटी दिसली की अंगठा जास्तच तत्पर होतो, हे ती लावणाऱ्याला ठाऊक नसेल? वा! सूचना कसली, दवंडी आहे ती: या, आत रक्त आहे.

आणि आत काय? देह धूसर केलेला, पण भोवती लाल गोल. नजर नेमकी कुठं न्यावी याचं सशास्त्र मार्गदर्शन! तेच पाच सेकंद संथ गतीत, पुन्हा, आणखी पुन्हा. खाली ढणढण संगीत. करुणरस म्हणतात तो हाच असावा.

९ जानेवारी २०२३ ला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं पत्र काढून वाहिन्यांचे कान उपटले. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या अपघाताची रक्तबंबाळ दृश्यं नुकतीच घरोघरी पोचली होती. पत्रासोबत पापांची यादीही होती: पाटण्याच्या शिकवणीवर्गात पाच वर्षांच्या पोराला बेशुद्ध होईस्तोवर मारहाण, आणि ती त्याच्या किंकाळ्यांसकट नऊ मिनिटांहून जास्त दाखवलेली. दाखवली कोणी? ते मात्र यादीत नाही. पोराचा आवाज उघडा, वाहिनीचं नाव झाकलेलं. संवेदनशील कोण, हे सरकारला बरोब्बर कळतं.

तारखेचा योग पाहा. त्याआधी बरोबर दोन वर्षं, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, आमच्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली. ओल्या बाळंतिणींसमोर माइक आले. पडद्यावर रक्ताचा थेंब नाही, म्हणजे विचलित होण्याचं कारण नाही!

व्हॉट्सॲपला तर पाटीचाही सोस नाही. जानेवारी २०२० मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात वाघामागं गर्दी धावली. वाघानं एकाला पाडलं. तो मेल्यासारखा निपचित पडून राहिला म्हणून वाचला. बाकीचे ओरडत होते, पण एकाचा हात मोबाइलवर अढळ. काहून बाप्पा, त्या हाताला कोणती पाटी लावाची? ती चित्रफीत कुटुंबाच्या ग्रुपवर ‘शुभ सकाळ’च्या गुलाबाखाली आली, आणि आपण सगळ्यांनी पुढं ढकलली. हो, तुम्हीसुद्धा.

आता यूट्यूब. तिथं रक्तरंजित चित्रफितीला जाहिराती कमी मिळतात, कधी मिळतच नाहीत. म्हणून गुन्हेकथा सांगणारे पठ्ठे ‘खून’ शब्दावर शिट्टी वाजवतात आणि खुनाचं वर्णन मात्र तपशीलवार ऐकवतात. कोणाच्या कोवळ्या काळजासाठी? साबण विकणाऱ्याच्या!

राहिली वयाची अट. अठरा वर्षांखालच्यांना मज्जाव. म्हणजे खात्यावरचं वय बघायचं. घरात मोबाइल एक, खातं बापाचं, बोट सातवीतल्या पोराचं. यंत्राच्या लेखी ते पोरगं बेचाळीस वर्षांचं, विवाहित आणि दोन एकर धानाचं मालक.