टक्केवारीचे फर्मान

अलीकडे आमच्याकडे आलेल्या वाचकांच्या पत्रांतून एकच तक्रार पुनःपुन्हा उमटते: टेस्ट कव्हरेज ८० टक्क्यांखाली गेल्यास बिल्ड नामंजूर होईल असा हुकूम वरून सुटतो, आणि तो आकडा गाठण्यासाठी, ज्यांत एकही ‘एक्स्पेक्ट’ नाही अशा टेस्ट घाईघाईने लिहिल्या जातात. जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालविणारे जेस्ट त्या बिनतक्रार मंजूर करते. कव्हरेज फक्त धावलेला कोड मोजते, उत्तराच्या खरेखोटेपणाशी त्याला कर्तव्य नसते, एवढेही जाणून न घेता असली फर्माने काढली जावीत, याचा आम्हांस संताप येतो.

एका वाचकाने पाठविलेले फंक्शन पाहा. पावतीवरील आर्थिक वर्ष ठरविणारे हे फंक्शन रक्कम थेट डॉममधून वाचते, ‘न्यू डेट’ आतच निर्माण करते आणि ‘टूआयएसओस्ट्रिंग’चा महिना उचलते. ती स्ट्रिंग यूटीसीची असल्यामुळे १ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे फाडलेली प्रत्येक पावती सरलेल्या वर्षाच्या खाती पडते. कव्हरेज मात्र शंभर टक्के! ‘गेटमंथ’ वापरूनही सुटका नाही, कारण तो यंत्राच्या टाइमझोनप्रमाणे बोलतो, आणि सीआयचे यंत्र बहुधा यूटीसीवर असते.

उपाय नवा नाही. हिशेबाचे फंक्शन डॉमपासून अलग करावे, तारीख त्याला बाहेरून पॅरामीटर म्हणून द्यावी, आणि ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन स्पष्ट सांगावा. मग ३१ मार्चची रात्र आणि १ एप्रिलची पहाट यांची परीक्षा दोन ओळींच्या टेस्टमध्ये होते, मॉकांचा डोलारा उभारावा लागत नाही. परंतु जुन्या कोडला हात लावण्याचे धैर्य नाही म्हणून ग्लोबल व्हेरिएबलांवर मॉक रचीत बसणारे आणि रिव्ह्यूमध्ये न वाचता मंजुरीचा शेरा मारणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. सारा दोष वरिष्ठांच्या माथी मारून त्यांना मोकळे होता येणार नाही.

वाचकहो, आजच आपल्या रेपॉझिटरीतील एखाद्या महत्त्वाच्या फंक्शनात अधिक चिन्हाच्या जागी वजा घाला आणि टेस्ट चालवा. ती तांबडी झाली नाही, तर ‘एक्स्पेक्ट’ घालून ती नव्याने लिहा. ते जमणार नसेल, तर ती काढून टाका आणि घसरलेली टक्केवारी कारणासह लेखी वरिष्ठांसमोर ठेवा.